दुसऱ्याच्या मुलाला बोलायचे कोणी?

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत आठवीतल्या एका मुलाने खिचडी वाढणाऱ्या मावशींना आईवरून शिवी दिली. पातेल्यातली खिचडी संपत आली होती आणि मावशींनी त्याला "थांब जरा, आधी पाचवीची लहान पोरं घेऊ दे," एवढेच म्हटले होते. शिवी मोठ्याने दिलेली नव्हती, तोंडातल्या तोंडात पुटपुटल्यासारखी होती. पण रांगेतल्या पंधरा-वीस मुलांनी ती ऐकली, ताटली पुढे धरून उभ्या असलेल्या पाचवीतल्या मुलीने ऐकली आणि मावशींनीही ऐकली. त्यांच्या हातातला डाव क्षणभर तसाच राहिला, आणि मग त्यांनी त्या मुलीच्या ताटलीत वाढले.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांच्या खोलीत आम्ही सहा जण बसलो. मी त्या वर्गाची वर्गशिक्षिका असल्यामुळे पालकांना बोलावण्याचे काम माझ्याकडे होते. पालक म्हणून आजी आल्या, कारण मुलाचे आईवडील दसरा झाल्यावर ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात गेले होते आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे उसाचा हंगाम संपेपर्यंत, परतणार नव्हते. आमच्या पाथर्डी तालुक्यात अशी घरे पुष्कळ आहेत. नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, आणि त्या कोयत्याचे मूल जवळजवळ सहा महिने आजी-आजोबांच्या जिवावर राहते. एका सहकाऱ्याने आजींना ऐकवले की हे घरातून आलेले आहे, शाळेत असली भाषा कोणी शिकवत नाही. आजी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाई, घरात त्याच्याशी बोलायला हाय कोण? मी म्हातारी सांगून सांगून थकले. शाळेत घातलंय ते कशापायी? आता तुमीच बघा त्याचं."

दोघांच्याही बोलण्यात तथ्य होते, आणि दोघेही आपल्या अंगावरची जबाबदारी दुसऱ्याच्या अंगावर टाकून मोकळे होऊ पाहत होते. गेल्या एकवीस वर्षांत हेच बोलणे मी जवळजवळ प्रत्येक पालकसभेत ऐकत आले आहे. पालक म्हणतात की शाळेने वळण लावावे, शाळा म्हणते की वळण घरूनच लागते, आणि या वादात मूल तिथेच मधोमध उभे असते.

त्या दिवशी मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांना कोणी बसायला सांगितले नव्हते आणि काही विचारलेही नव्हते, हे लिहिताना मला आज वाईट वाटते. मुलाने परिपाठाच्या वेळी सर्व शाळेसमोर माफी मागावी असे आमचे ठरत आले, तेव्हा त्या पहिल्यांदा बोलल्या. "सगळ्यांसमोर उभं करू नका त्याला. माझं मी बोलते." त्या दुपारी पातेली घासून झाल्यावर त्यांनी त्याला चुलीजवळच्या पायरीवर बसवले. मी शेजारच्या व्हरांड्यात वह्या तपासत होते, त्यामुळे मला ऐकू येत होते. त्यांनी त्याला एकच गोष्ट विचारली, की हा शब्द तू कोणाकडून उचललास. बराच वेळ तो गप्प राहिला. मग म्हणाला, "चौकात सगळेच म्हणतात."

ते खरे आहे. एसटी थांब्याजवळच्या टपरीवर संध्याकाळी पंचवीस ते चाळीस वयाची माणसे उभी असतात, आणि तो शब्द तिथे शिवी म्हणून वापरला जात नाही, हाक म्हणून वापरला जातो. मित्र आला की त्याच शब्दाने स्वागत होते, चहा सांगताना तोच शब्द, निरोप घेतानाही तोच. त्यांच्यातले तीन-चार जण माझ्या वर्गात बसलेले आहेत. काही जण आमच्या आत्ताच्या विद्यार्थ्यांचे वडील आहेत. म्हणजे ज्या वादात आम्ही घर आणि शाळा यांच्यात दोषाची वाटणी करत बसलो होतो, त्यात तिसरा पक्ष होता आणि त्याला आम्ही बोलावलेच नव्हते.

मुलांना चांगले वागायला शिकवण्याची जबाबदारी कोणाची, या प्रश्नाचे उत्तर मी पूर्वी 'आधी आईवडील, मग शिक्षक' असे देत असे. त्या दुपारनंतर मला ते अपुरे वाटू लागले. शाळेचेच पाहू. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षाचे २२० दिवस शाळा भरायला हवी. रोजचे सहा तास धरले तर १३२० तास होतात, आणि वर्षाचे एकूण तास ८७६० असतात. रोजच्या झोपेचे आठ तास वगळले तरी मुलाच्या जागेपणीच्या वेळेचा चौथा हिस्साही शाळेच्या वाट्याला येत नाही. एवढ्या वेळात गणित, विज्ञान आणि तीन भाषा शिकवून मग सौजन्य शिकवायचे असते. ते आम्ही शिकवतो, नाही असे नाही. मूल्यशिक्षणाची दहा मूल्ये, वक्तशीरपणा आणि नीटनेटकेपणापासून सर्वधर्मसहिष्णुतेपर्यंत, आमच्या भिंतीवर रंगवलेली आहेत. रोज सकाळी मुले हात पुढे करून प्रतिज्ञा म्हणतात, 'मी माझ्या पालकांचा, गुरुजनांचा आणि वडीलधाऱ्या माणसांचा मान ठेवीन आणि प्रत्येकाशी सौजन्याने वागेन.' त्या मुलानेही आदल्या दिवशी सकाळी ती म्हटली होती.

या वाक्यातल्या 'प्रत्येकाशी' या शब्दावर मी अलीकडे फार विचार करते. आईशी, आजीशी, धाकट्या बहिणीशी कसे वागावे हे घर शिकवते, आणि तिथे घराला पर्याय नाही. बरोबरीच्या मुलांशी कसे वागावे, आपली पाळी येईपर्यंत कसे थांबावे, हरल्यावर कसे वागावे हे शाळा शिकवते. पण आपल्या नात्यात नसलेल्या आणि आपल्यावर कोणताही अधिकार नसलेल्या माणसाशी, भाजीवालीशी, कंडक्टरशी, खिचडी वाढणाऱ्या मावशींशी कसे वागावे हे घर फक्त सांगू शकते. त्याचा सराव बाहेरच होतो आणि तो बाहेरच्या माणसांच्या सोबतीनेच होतो. परक्या माणसाशी वागण्याचा धडा अखेर परक्या माणसाकडूनच मिळतो, मग तो चांगला असो की वाईट. चौकातली माणसे शिकवतच असतात. आपण शिक्षक आहोत हे त्यांच्या ध्यानी नसते, एवढेच.

हे मी दुसऱ्यांबद्दल लिहिते आहे असे कोणी समजू नये. त्याच महिन्यात मी नगरहून एसटीने परत येत होते. गाडी भरलेली होती. डोक्यावरची पाटी खाली उतरवून एक आजी दांड्याला धरून उभ्या होत्या आणि त्यांच्या अगदी शेजारच्या बाकावर सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा कानात इयरफोन घालून बसला होता. मी दोन ओळी मागे होते. उठून मीच जागा द्यावी हे माझ्या मनात आले, पण मधली वाट माणसांनी भरलेली होती, आणि त्याला सांगावे तर तो माझ्या शाळेचा नव्हता. उलटून बोलला तर काय, हा विचारही मनात आला. गाडीतली आणखी वीस-पंचवीस मोठी माणसे बहुधा असाच काहीतरी विचार करत असावीत, कारण कोणीच काही बोलले नाही. दहा-बारा मिनिटांनी तिकिटे फाडत कंडक्टर तिथे आले, त्यांनी मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाले, "बाळा, ऊठ की. आजीला बसू दे." मुलगा लगेच उठला. इयरफोन काढले, आजींची पाटी उचलून बाकाखाली सरकवली आणि दांड्याला धरून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओशाळेपणाही फारसा नव्हता. त्याला ते दिसले नव्हते आणि कोणी सांगितले नव्हते. एकवीस वर्षे शिकवण्याचा व्यवसाय करणारी मी ती दहा-बारा मिनिटे तिथेच होते.

आपण दुसऱ्याच्या मुलाला बोलत नाही, याची कारणे मला समजतात. भीती आहेच. "माझ्या पोराला बोलणारे तुम्ही कोण?" हा प्रश्न आता कोणीही विचारू शकतो. त्या मानाने आमच्या लहानपणी आळीतल्या कोणत्याही बाईला कोणत्याही मुलाचा कान धरण्याची मुभा होती, आणि घरी येऊन तक्रार केली तर आणखी दोन धपाटे मिळत. त्या दिवसांची आठवण काढून हळहळणारी माणसे मला रोज भेटतात. मला मात्र ते दिवस जसेच्या तसे परत यावेत असे वाटत नाही. त्याच आळीच्या डोळ्यांनी मुलींचे मोठ्याने हसणेही टिपले, त्यांचे सायकल चालवणेही टिपले आणि शाळा सोडायला लावली. त्याच वडीलधाऱ्यांनी काही मुलांना पाण्याच्या हंड्यापासून लांब उभे केले आणि त्यालाच चांगले वळण म्हटले. गावाचा धाक नेहमीच न्यायाचा नव्हता. शिवाय शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली आहे, आणि ती मला मनापासून योग्य वाटते. पालकसभेला "मारलंत तरी चालेल, पण सुधरवा" असे सांगणारे वडील आजही भेटतात. त्यांना मी दरवेळी सांगते की माराने मूल फक्त मारणाऱ्यासमोर गप्प बसायला शिकते.

तरीही त्या जुन्या आळीतली एक गोष्ट आपण गमावली आहे आणि ती धाकापेक्षा मोलाची होती. जी बाई कान धरत असे, तीच ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवायला येत असे आणि आई शेतावरून उशिरा आली तर भाकरी वाढत असे. रागावण्याचा हक्क तिला फुकट मिळालेला नव्हता. आमच्या मावशींकडे तो हक्क आजही आहे, कारण आठवडाभर कोण आले नाही हे त्यांना हजेरीपटाच्या आधी कळते. "टाकू नको, लागलं तर मागून घे," हे त्या प्रत्येक मुलाला सांगतात आणि मागितले की खरोखर देतात. माझ्या पाहण्यातल्या कोणत्याही संस्कारवर्गापेक्षा त्या रांगेत जास्त शिकवले जाते.

आता चौकाकडे वळते. हे बदलण्यासारखे नाही असे म्हणणाऱ्यांना मी आमच्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या नेवासे तालुक्यातील सौंदाळा गावाचे उदाहरण देते. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या ग्रामसभेने आई-बहिणीवरून शिव्या देण्यावर बंदी घालणारा ठराव केला आणि शिवी देणाऱ्याला ५०० रुपये दंड ठेवला. दंडाने जीभ सुधारते का, यावर वाद घालता येईल आणि मलाही त्याबद्दल पूर्ण खात्री नाही. पण मला त्या ठरावातली दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. तो मुलांसाठी काढलेला नियम नाही. तो गावातल्या कर्त्या माणसांनी स्वतःच्या तोंडावर घातलेला बंध आहे. चौकातल्या माणसाला आपण कोणाचे तरी शिक्षक आहोत याची आठवण त्या ५०० रुपयांनी दिली, तरी ते पैसे सार्थकी लागले असे मी म्हणेन.

सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने हेच वेगळ्या रीतीने केले. करोनाच्या काळात मोबाईल मुलांच्या हाती आला आणि शाळा सुरू झाल्या तरी तो हातातून सुटेना, हा अनुभव आपणा सर्वांचाच आहे. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून त्या गावात संध्याकाळी सात वाजता भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला. तो वाजला की घरातले टीव्ही आणि मोबाईल दीड तास बंद करायचे, असे गावाने ठरवले. मुलांनी त्या वेळात अभ्यास करायचा आणि मोठ्यांनी निदान त्यांच्यासमोर पडदा पेटता ठेवायचा नाही. ज्या घरात वडील क्रिकेटचा सामना पाहत मुलाला "वाच" म्हणतात, त्या घरात काय होते हे मला वह्या तपासताना कळते. आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? वडगावच्या भोंग्याने आधी आड भरायचे ठरवले.

जबाबदारी मोठ्यांची हे कायद्यानेही एका बाबतीत स्पष्ट केले आहे. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर त्याच्या पालकाला किंवा गाडीच्या मालकाला दोषी धरले जाते. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द आणि मुलाला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना नाही, अशी तरतूद आहे. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४ च्या पहाटे सतरा वर्षांच्या मुलाच्या मोटारीखाली दोन तरुण अभियंते गेले, तेव्हा जामिनाच्या अटींतल्या तीनशे शब्दांच्या निबंधावर साऱ्या महाराष्ट्राने संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. मला त्या प्रकरणाने अस्वस्थ केले ते पुढे जी नावे येत गेली त्यांनी, कारण वडिलांपासून रक्ताचे नमुने बदलल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरांपर्यंत ती सगळी मोठ्या माणसांची होती. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. पण आमच्या शाळेच्या फाटकाबाहेरही रोज दहा-बारा मोटारसायकली उभ्या असतात, त्या नववी-दहावीच्या मुलांच्या असतात, आणि "पोरगं आता गाडी झकास चालवतं" हे वडील मला कौतुकाने सांगतात. किल्ली त्यांनीच दिलेली असते.

परक्यांकडून परक्यांना शिस्त कशी लागते, हे मला सर्वांत स्पष्ट दिसले ते आषाढी वारीत. आळंदीहून निघणाऱ्या माउलींच्या पालखीबरोबर मी दोन वेळा काही मुक्काम चालले आहे. संध्याकाळी पालखी तळावर पोहोचली की सगळ्या दिंड्या गोल करून उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार हातातला दंड उंच करतात आणि हजारो माणसे गप्प होतात. लाउडस्पीकरवरून कोणी ओरडत नाही, पोलिसांची शिट्टी वाजत नाही. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तू पुकारल्या जातात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर ती दिंडी मात्र दंड वर गेल्यावरही टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणे ऐकून घेतात, आणि तिचे समाधान झाले की टाळ थांबतात आणि आरती होते. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हे कोणी समजावून सांगितले नाही. त्याने दंड वर गेलेला पाहिला, आजूबाजूच्या अनोळखी माणसांचे ओठ मिटलेले पाहिले आणि हातातले टाळ छातीशी धरले. ज्यांचा दंड मानायचा ते आपले गाऱ्हाणेही ऐकतात, हेही त्याने त्याच जागी पाहिले. आपण मुलांना गप्प बसायला सांगतो तेव्हा हा दुसरा भाग बहुतेक वेळा विसरतो.

तो मुलगा आता नववीत गेला आहे. नववीला पोषण आहार नसतो, त्यामुळे तो रांगेत येत नाही, आणि मावशी वाटेत दिसल्या तर मान खाली घालून पुढे जातो. फार काही बदलले असे मी म्हणणार नाही. त्याचे आईवडील उन्हाळ्यात परत आले, तेव्हा मी त्यांच्या घरी गेले. आई म्हणाली की सहा महिने पोराला बघायला मिळत नाही, फोनवर बोलताना रागवायचे तरी कसे? मला त्यावर बोलता आले नाही. अशा आईला 'घरचे संस्कार' या शब्दांनी हिणवण्याचा अधिकार कोणालाही नाही, शिक्षकांना तर मुळीच नाही. तिच्या माघारी त्या मुलाभोवती जी माणसे असतात, त्यांनी ते सहा महिने उचलायचे असतात.

आमच्या शाळा व्यवस्थापन समितीत नियमाप्रमाणे तीन चतुर्थांश सभासद पालकच आहेत. आजवर तिथे कुंपणाची भिंत, गळके छप्पर आणि गणवेश याच विषयांवर बोलणे होत आले. जूनच्या बैठकीत मी चौकाचा विषय मांडला. सुरुवातीला कोणी काही बोलेना. मग एक सभासद म्हणाले की बाई, तिथं उभं राहणाऱ्यांत मीही असतो. त्यानंतर बैठक दीड तास चालली. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे हा विषय ठेवावा, दंडाचा आग्रह न धरता निदान थांब्यावर आणि टपरीवर मुलांसमोर कोणी त्या भाषेत बोलणार नाही असा ठराव व्हावा, असा अर्ज आम्ही तयार केला आहे. त्यावर पहिली सही मावशींची आहे, दुसरी त्या मुलाच्या वडिलांची. टपरीवाल्याने अजून सही केलेली नाही. गिऱ्हाइकाला कसे बोलायचे, धंदा बसेल, असे त्याचे म्हणणे आहे, आणि त्याची अडचण खरी आहे. ती ऐकून घ्यायला येत्या रविवारी आम्ही दोघीतिघी पुन्हा त्याच्याकडे जाणार आहोत.